डार्टमूर : माळावरील जुन्या खुणा

डार्टमूर : इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यातला ग्रॅनाइटचा उंच, उघडा माळ. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ९५४ चौ. किमी.; सर्वोच्च माथा हाय विलहेझ (६२१ मी.). ‘मूर’ म्हणजे आपल्याकडचा सडा नव्हे. पावसाळा सरला की सड्यावरचा कातळ कोरडा पडतो. मूर बारमाही ओला असतो. पाण्याला निचरा नसल्याने अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताचे थर साचतात, त्याला पीट म्हणतात. त्यावर हेदरची खुरटी झुडपे, लव्हाळे आणि उंच गवत, आणि माथ्यांवर ‘टॉर’ म्हणजे झिजून उरलेले ग्रॅनाइटचे सुळके.

हा माळ रानटी वाटतो, पण तो सोडून दिलेल्या शेतांचा प्रदेश आहे. सु. ३,५०० वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, इथे गुरे चरत आणि धान्य पिके. पुढे हवा थंड व ओली होत गेली, माती आम्ल झाली, लोक खाली उतरले. त्यानंतर उंचावर फारसा नांगर फिरला नाही. सखल इंग्लंडात पुसले गेलेले बांध आणि जोती इथे टिकली ती एवढ्यामुळेच.

सर्वांत जास्त दिसते ते गोल घराचे जोते. अशी सु. ५,००० जोती नोंदलेली आहेत. सहसा ३ ते ९ मी. व्यासाचे, गुडघाभर उंचीचे दगडी कडे असते. भिंतीला आतून-बाहेरून उभ्या दगडांच्या दोन ओळी आणि मध्ये बारीक दगडांची भर. कड्यात एक मीटरभराची फट आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोठे उभे दगड असतील, तर ते दार. ते वाऱ्याकडे पाठ करून बहुधा दक्षिणेला किंवा आग्नेयेला असते. दार नसलेले आणि मध्ये दगडांचा ढीग असलेले कडे दिसले तर ते घर नसून दफनाची दगडरास असण्याचा संभव अधिक. चौकोनी कोपरे असलेला आडोसा मेंढवाडा किंवा कथील खणणाऱ्यांची झोपडी, म्हणजे पुष्कळ अलीकडचा. ग्रिम्सपाउंड येथे जाड दगडी कोटाच्या आत अशी २४ जोती एकत्र आहेत. १८९४ मध्ये तिथे उत्खनन झाले, पण उत्खनन करणाऱ्यांनी काही भाग पुन्हा उभारलाही, त्यामुळे तिथला प्रत्येक उभा दगड प्राचीन समजू नये.

बांध ओळखणे त्याहून अवघड. ‘रीव्ह’ म्हणजे कांस्ययुगीन बांध : जेमतेम अर्धा मीटर उंच, गवताखाली बुजलेला, पण ओढा आला, उतार आला तरी सरळ पुढे जाणारा. समांतर रीव्हांच्या पट्ट्याच पट्ट्या काही किलोमीटर पसरतात. होन मूरवर हे चांगले दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्यांना जुने रस्ते मानले होते. ती शेतांची आखणी आहे हे १९७० च्या दशकात पक्के झाले. मध्ययुगीन ‘कॉर्नडिच’ वेगळा : बाहेरून उभी दगडी भिंत व चर, आतून मातीचा उतार. माळ राजाच्या शिकारीचा असल्याने हरणांना मारता येत नसे. या रचनेमुळे हरीण पिकात शिरू शकत नाही, पण चुकून शिरले तर सहज बाहेर पडते. छातीएवढी कोरडी दगडी भिंत मात्र बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली.

उभ्या दगडांच्या रांगा ७० हून अधिक आहेत. अर्म नदीच्या वरच्या भागातली रांग ३ किमी.हून लांब भरते. मेरिव्हेलची दुहेरी रांग रस्त्यालगत असल्याने नवख्याला सोयीची. त्यांचा हेतू कळलेला नाही आणि दिशांचे हिशोब मांडून तो कळेल असेही वाटत नाही. मृताला ठेवण्याच्या दगडी पेट्या (‘किस्टव्हेन’) बहुतेक रिकाम्या सापडतात : काही पूर्वीच लुटल्या गेल्या आणि हाडे आम्ल मातीने खाल्ली. अपवाद व्हाइटहॉर्स हिलचा. २०११ मध्ये तिथली पीटमध्ये दबलेली पेटी उघडली, तेव्हा अस्वलाचे कातडे, विणलेली टोपली आणि अंबर (प्राचीन झाडांची घट्ट झालेली राळ), कथील इत्यादींचे २०० हून अधिक मणी मिळाले. आम्लामुळे हाड जाते, पण हवाबंद ओलीत कातडे आणि वीण राहते.

माळाचा चेहरा सर्वांत जास्त बदलला तो कथिलाने. लेखी नोंदी बाराव्या शतकापासून आहेत. ओढ्याकाठच्या गाळात कथिलाचे जड खडे असत. पाणी सोडून हलकी माती वाहून नेत आणि निरुपयोगी दगड मागे रचत. म्हणून दरीच्या तळाशी एकामागे एक वाकड्या ओळींचे ढिगारे दिसले तर ते धुण्याचे काम. डोंगरउतारात खोल, खड्या काठांची चर दिसली तर ती धातूच्या शिरेमागे खणलेली. ओढ्याजवळच्या पडक्या भट्टीत आयताकृती खळगा कोरलेला दगड असेल, तर तो कथील ओतायचा साचा. जोडीने उथळ वाट्या असलेला दगड म्हणजे खडे कुटायचे उखळ. तयार लगडी चॅगफर्ड, अ‍ॅशबर्टन, टॅविस्टॉक अशा ठरलेल्या गावी नेऊन त्यांचा कोपरा कापून कस पाहत. खाणकाऱ्यांची स्वतंत्र न्यायसभा क्रॉकर्न टॉरवर उघड्यावर भरे.

हाउंड टॉरच्या पायथ्याचे ओस गाव तेराव्या-चौदाव्या शतकातले. लांब घराच्या वरच्या टोकाला माणसे, उताराकडच्या टोकाला गुरे आणि मधून मोरी. तिथल्या धान्य सुकवायच्या भट्ट्या सांगतात की पीक शेतात वाळेनासे झाले होते. लीट म्हणजे आपला पाट; समपातळीच्या रेषेवरून जाणाऱ्या पाटाच्या काठची वाट चालायला सोपी. पोस्टब्रिजचा मध्ययुगीन साकव चार मीटरहून लांब शिळांचा आहे.

फोडलेल्या दगडावर पाचरीची भोके पाहावीत. लांबट खाचा असतील तर काम बहुधा १८०० पूर्वीचे. गोल छिद्रांची ओळ असेल तर नंतरचे. हेटॉरजवळ १८२० चा घोड्यांचा रूळमार्ग अजून आहे, आणि त्याचे रूळही ग्रॅनाइटचेच : कडा कोरलेल्या शिळा. भरलेल्या गाड्या उताराने खाली जात, रिकाम्या घोडे वर ओढत.

खुणा पाहायला नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. तेव्हा ब्रॅकन नेचा मरून पडलेला असतो आणि कलत्या उन्हात अर्ध्या फुटाचा बांधही सावली टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच नेचा पुरुषभर वाढून जोती झाकतो. १:२५,००० चा नकाशा आणि होकायंत्र हवेच. धुके काही मिनिटांत उतरते, आणि तेव्हा बांध धरून चालणे धोक्याचे, कारण रीव्ह माणसाला सरळ दलदलीत नेतो. चमकदार पोपटी शेवाळाचा सपाट तुकडा टाळावा; फॉक्स टॉर मायर्ससारख्या ठिकाणी तो पाण्यावर तरंगत असतो. पावसानंतर ओढ्यावरचे पायदगड बुडालेले असतात. पलीकडे जाण्याचा हट्ट करण्याऐवजी साकव गाठावा.

उत्तर माळावर लष्कराची गोळीबार क्षेत्रे आहेत. लाल-पांढऱ्या खांबांनी त्यांची हद्द दाखवलेली असते. दिवसा लाल निशाण, रात्री लाल दिवे असतील तर आत जाऊ नये. वेळापत्रक आधी जाहीर होते. सापडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नये. १९८५ च्या कायद्याने सामाईक माळावर पायी फिरण्याचा हक्क आहे, आणि तंबू ठोकून रात्र काढणे त्यातच येते, असा निर्णय २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. संरक्षित जोत्यांवरचे दगड उचलून शेगडी रचणे किंवा वाटेची खूण म्हणून नवी रास करणे हा मात्र गुन्हा ठरतो. अशा नव्या राशी काही वर्षांत जुन्यांत मिसळतात आणि पुढच्या नोंदी बिघडवतात.