टेस्टोस्टेरॉन भरपूर, शुक्राणू शून्य: रक्तातलं आणि वृषणातलं यांतला फरक

आधी 'स्टेरॉइड' या शब्दाचा सोपा घोळ निकालात काढू. दम्याच्या पंपात, खाजेच्या मलमात आणि प्रेडनिसोलोनच्या गोळीत असतं ते कॉर्टिकोस्टेरॉइड. त्याचं काम सूज उतरवणं. त्याने दंड फुगत नाहीत. मोठ्या डोसमध्ये महिनोन् महिने घेतलं तर उलट स्नायू झिजतात. जिममध्ये टोचलं जातं ते अ‍ॅनाबॉलिक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा नँड्रोलोन, स्टॅनोझोलोलसारखी त्याची भावंडं. पंप ओढणाऱ्या दमेकऱ्याला 'स्टेरॉइड घेतोस, बाप व्हायचं विसर' असं ऐकवणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

खरी गल्लत अ‍ॅनाबॉलिकच्या पोटात आहे, आणि ती शिकल्यासवरलेल्यांकडूनही होते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन, तेव्हा ते वाढलं की इच्छा वाढणार, जोर वाढणार आणि शुक्राणूही वाढणार, असा सरळ हिशोब मांडला जातो. मूल होत नाही म्हणून स्वतःच्या मनाने टेस्टोस्टेरॉन सुरू करणारे आहेत, आणि त्यांना तसा सल्ला देणारे महाभागही आहेत. गर्भधारणेसाठी याहून उलटा उपाय शोधून सापडायचा नाही.

कामेच्छा चालते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर. शुक्राणू बनतात वृषणाच्या आतल्या टेस्टोस्टेरॉनवर. रेणू तोच, पण वृषणात तो रक्तातल्यापेक्षा साधारण 50 ते 100 पट दाट असतो, कारण तो तिथेच, शुक्राणूंच्या नळ्यांना खेटून असलेल्या लायडिग पेशींत तयार होतो. बाहेरून कितीही टोचलं तरी ही दाटी रक्तावाटे तिथे भरून काढता येत नाही. एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. टोचलेलं वाया गेलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सुई आतली भट्टीही विझवते.

लायडिग पेशी आपल्या मर्जीने काम करत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. एलएच लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, एफएसएच नळ्यांमधल्या सर्टोली पेशींना शुक्राणू पोसायला. मेंदू रक्तावर नजर ठेवून असतो, आणि त्याला रक्तातलं टेस्टोस्टेरॉन दिसतं, ते आलं कुठून हे दिसत नाही. इंजेक्शनने रक्त भरलं की तो एलएच आणि एफएसएच दोन्ही आवळतो. लायडिग पेशी गप्प बसतात, वृषणातली दाटी ओसरते, शुक्राणू अर्धवट अवस्थेतच थांबतात. वृषणाचा बहुतेक भाग या नळ्यांचाच असल्यामुळे ते आकसतात, मऊ पडतात. 'छोटं झालं' म्हणून जिममध्ये ज्यावर खिदळतात ते हेच, आणि त्यात खिदळण्यासारखं काही नाही.

हे तर्काने मांडलेलं नाही. 1990 साली जागतिक आरोग्य संघटनेची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट दिलं होतं, ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून. निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. अनेक जिमबहाद्दर याच्या कितीतरी पट डोस घेतात. मात्र सगळेच शून्यावर आले नव्हते, हेही लक्षात ठेवा. 'मी सायकलवर (म्हणजे स्टेरॉइडच्या कोर्सवर) आहे, मला निरोधची गरज नाही' हा त्याच घोळाचा दुसरा काठ.

लक्षात का येत नाही? कारण सायकल चालू असताना सगळं झकास वाटतं. इच्छा उसळलेली असते आणि वीर्यही नेहमीसारखंच दिसतं. वीर्याचा बहुतांश भाग सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. तो गळाला तरी डोळ्याला कळत नाही. शिवाय एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे परिणाम दिसायला वेळ लागतो आणि बोट भलतीकडेच दाखवलं जातं.

रिपोर्ट मात्र चुगली करतो. समजा टेस्टोस्टेरॉन 1400, एलएच 0.1, एफएसएच 0.2, आणि वीर्यतपासणीत एकही शुक्राणू नाही. वृषण मुळातच निकामी झालं असतं तर मेंदूने ओरडून एफएसएच वर नेलं असतं. शुक्राणू बाहेर येण्याच्या वाटेत अडथळा असता तर हार्मोन बहुधा ठीकठाक दिसले असते. टेस्टोस्टेरॉन आभाळाला आणि एलएच तळाला, असं दिसलं की पहिला प्रश्न सुईचा. नुसतं टेस्टोस्टेरॉन मोजून 'सगळं उत्तम' म्हणणाऱ्या रिपोर्टचा मला मनापासून राग येतो.

ताठरता हा तिसराच विषय. तिला इच्छा लागते, पण मुख्य मदार रक्तवाहिन्या आणि नसांवर. सिल्डेनाफिल रक्तप्रवाह सुधारतं; टेस्टोस्टेरॉन किंवा शुक्राणू वाढवणं हे त्याचं काम नाही. इतकं पुरे.

सायकल संपल्यावर फासा उलटा पडतो. बाहेरचं येणं बंद, आतलं अजून झोपलेलं. मग इच्छा मरते, ताठरता ढासळते, मन खचतं, आणि माणूस म्हणतो, 'बघा, स्टेरॉइड होतं तेव्हा मी किती ठणठणीत होतो.' म्हणून पुन्हा सुई. हा ढासळलेला काळ स्टेरॉइडचाच परिणाम असतो. बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात; वर्षानुवर्षं मोठे डोस घेतलेल्यांना अधिक, आणि काहींचं पूर्ण परतत नाही.

ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आहे, सकाळच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत तसं दिसलंय, आणि ज्यांना मूलही हवंय, त्यांना जाणकार डॉक्टर सहसा टेस्टोस्टेरॉन देत नाहीत. एचसीजी हे एलएचसारखं वागून लायडिग पेशींना थेट चाळवतं. क्लोमिफीन मेंदूकडूनच एलएच आणि एफएसएच वाढवून घेतं. दोन्हींत आतली भट्टी पेटती राहते. ही औषधं जिमच्या लॉकरमधून मनाने घ्यायची नाहीत. आणि टेस्टोस्टेरॉन घेणं अटळच असेल, तर सुरू करण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवायची चौकशी करावी.

वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे गेलात तर काय टोचलं, किती आणि कधीपर्यंत, हे पहिल्याच भेटीत सांगा, बायको शेजारी बसली असली तरी. ते लपवलं की गुणसूत्रांच्या तपासण्या सुरू होतात, तिच्याही चाचण्या वाढत जातात, आणि इकडे सुई चालूच असते.