लुईस, मेरी एडमोनिया
लुईस, मेरी एडमोनिया : (सु. १८४४ – १७ सप्टेंबर १९०७). रोममध्ये राहून काम केलेल्या अमेरिकन शिल्पकार. शिल्पकलेत देशाबाहेर कीर्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत मानल्या जातात. जन्म न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनबुश येथे. वडील आफ्रिकी वंशाचे होते, तर आई ओजिब्वे या मूलनिवासी जमातीची व अंशतः आफ्रिकी वंशाची होती. आईवडील लवकर वारल्यामुळे त्या मावश्यांकडे वाढल्या. नायगारा धबधबा पाहायला येणाऱ्या प्रवाशांना टोपल्या आणि कातडी पायताणे विकून हे कुटुंब गुजराण करी. कॅलिफोर्नियात नशीब काढायला गेलेल्या भावाने पैसे पुरवले, म्हणून १८५९ मध्ये त्यांना ओहायोतील ओबर्लिन येथे शिक्षणासाठी जाता आले.

कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या त्या काळच्या मोजक्या संस्थांपैकी ओबर्लिन ही एक. परंतु गावाची उदारता तितकी खोल नव्हती. १८६२ मध्ये दोन सहाध्यायिनींना मद्यातून विष दिल्याचा आरोप लुईस यांच्यावर आला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच अज्ञात लोकांनी त्यांना पळवून नेऊन, बेदम मारून शेतात टाकून दिले. जॉन मर्सर लँग्स्टन या कृष्णवर्णीय वकिलांनी त्यांची निर्दोष सुटका करवली, तरी पुढे त्यांना अभ्यासक्रम पूर्ण करू दिला गेला नाही. त्यानंतर त्या बॉस्टनला गेल्या. तेथे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे सेनानी रॉबर्ट गूल्ड शॉ यांचा अर्धपुतळा त्यांनी घडवला, त्याच्या प्लास्टरच्या प्रती विकल्या आणि त्या पैशांवर १८६५ मध्ये इटलीची वाट धरली.

रोममध्ये उत्तम संगमरवर, कसबी पाथरवट आणि प्राचीन नमुने हाताशी असल्याने अमेरिकन शिल्पकारांची तेथे वसाहतच झाली होती. हॅरिएट हॉस्मर यांच्यासारख्या स्त्रियाही तीत होत्या. शिल्पकाराने मातीत लहान नमुना करावा आणि इटालियन कारागिरांनी तो मापे घेऊन दगडात उतरवावा, ही तेथली सर्रास रीत होती, आणि तिच्यात कोणाला कमीपणाही वाटत नसे. लुईस यांनी मात्र, विशेषतः सुरुवातीच्या काळात, छिन्नी-हातोडा स्वतःच चालवला. पैशाची चणचण हे त्याचे एक कारण खरे. पण काम दुसऱ्याचेच आहे असे म्हणायला कोणाला जागा राहू नये, ही दक्षता अधिक महत्त्वाची होती. गोऱ्या पुरुष शिल्पकाराला असा पुरावा क्वचितच द्यावा लागे.

गुलामगिरीच्या अंतावरील ‘फॉरएव्हर फ्री’ (१८६७) या शिल्पात तुटलेली साखळी उंचावून उभा असलेला पुरुष आणि त्याच्याजवळ गुडघे टेकून प्रार्थना करणारी स्त्री आहे. स्त्रीचा चेहरा आणि केस युरोपीय धाटणीचे का, हा प्रश्न अभ्यासकांना आजही पडतो. ‘हेगार’ (१८७५) मध्ये बायबलमधील, वाळवंटात हाकलून दिलेली दासी दिसते.

त्यांची सर्वांत धाडसी कृती म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १८७६ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनात मांडलेली ‘द डेथ ऑफ क्लिओपात्रा’. अमेरिकन शिल्पकार विल्यम वेटमोर स्टोरी यांच्या गाजलेल्या शिल्पातील क्लिओपात्रा ही इजिप्तची राणी विचारमग्न बसलेली आहे. लुईस यांची क्लिओपात्रा मेलेली आहे. मान मागे कलंडलेली, एक हात सिंहासनावरून लोंबता, दुसऱ्या हातात नाग. प्रेक्षक थबकले, काहींना ती बीभत्सही वाटली. सुमारे १,३५० किलोंचा हा पुतळा पुढे शिकागोच्या एका दारूच्या गुत्त्यात पोहोचला आणि तेथून एका जुगाऱ्याने तो नेऊन क्लिओपात्रा नावाच्या आपल्या शर्यतीच्या घोड्याच्या थडग्यावर बसवला. शर्यतीचे मैदान गेले, गोल्फचे आले, तेही गेले; पुतळा उन्हापावसात तिथेच होता. नंतर तो एका गोदामाच्या आवारात सापडला, तेव्हा नाक झिजलेले होते आणि दगडाचा पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरीत झाला होता. डागडुजीनंतर तो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आहे.

पुढे प्राचीन ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेल्या, लुईस यांनीही वापरलेल्या नवअभिजात शैलीची चलती ओसरली. कलेचे केंद्र पॅरिसकडे सरकले आणि संगमरवराऐवजी ब्राँझला मागणी आली. कॅथलिक असलेल्या लुईस यांना चर्चसाठी कामे मिळत राहिली, पण त्यांचे नाव मागे पडले. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या कुठे वारल्या हेच अनेक दशके अभ्यासकांना ठाऊक नव्हते. केन्सल ग्रीन येथील सेंट मेरी कॅथलिक दफनभूमीतील त्यांची कबर एकविसाव्या शतकात शोधून काढण्यात आली. २०२२ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.