नावरस नाव वेगळं, ठेवायचं नाव वेगळं

मूल जन्मलं की दोन दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो: 'अक्षर ढ आलंय, मुलीसाठी छान नाव सुचवा.' मग सगळे ढ वरून नावं शोधत बसतात. आईला नऊ महिने मनात जपलेलं नाव गिळावं लागतं, कारण ते 'अक्षरात बसत नाही'. हे दरवेळी पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या अक्षराचा आणि हाक मारायच्या नावाचा संबंधच जोडायचा नसतो.

व्यवहारातलं नाव म्हणजे जन्मदाखल्यावर, आधारवर, शाळेच्या हजेरीत असतं ते. त्यावर जास्त बोलायला नको. नावरस नाव, म्हणजेच जन्मनाव, निघतं चंद्रावरून. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्या चरणाला नेमून दिलेलं अक्षर घ्यायचं. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, अशी 108 अक्षरं. या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीची अक्षरं चू, चे, चो, ला. मघाची मा, मी, मू, मे. जन्मनाव सांगितलं की जाणकाराला नक्षत्र आणि चरण लगेच कळतात. त्याचं काम एवढंच, चंद्र कुठे होता ते सांगायचं.

गोंधळ इथेच होतो. लोकांना वाटतं की शास्त्राने मुलाच्या नावासाठी अक्षर ठरवून दिलंय. ते कोष्टक एकदा नीट वाचा. आर्द्रेची अक्षरं कू, घ, ङ, छ. हस्ताची पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेची दू, थ, झ, ञ. ङ, ण किंवा ञ ने सुरू होणारं एक तरी मराठी नाव ऐकलंय का? आणि ज्यांवरून ढीगभर नावं आहेत ते ब आणि श या चक्रात स्वतंत्र नाहीतच. ब साठी व आणि श साठी स धरतात. लोकांनी ठेवायच्या नावांसाठी कोणी कोष्टक बांधलं असतं तर ते असं झालं नसतं.

आणखी एक गोष्ट. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. म्हणजे त्या सहा तासांत जन्मलेल्या सगळ्या बाळांचं अक्षर एकच. जुळ्यांचंही बहुधा एकच.

'पण आमच्याकडे परंपरा पाळतात' असं म्हणणाऱ्यांनी परंपराच पाहावी. धर्मशास्त्रात नावाचे चार प्रकार सांगितलेत: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम (म्हणजे हेच नावरस नाव) आणि व्यवहारनाम. म्हणून तर बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने एकाखाली एक नावं लिहितात. चारही नावं एकाच अक्षराची हवीत, असं असतं तर चार कशाला लिहिली असती? गृह्यसूत्रांत, म्हणजे घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत, तर असंही आहे की मुंजीपर्यंत एक नाव फक्त आईवडिलांनाच माहीत असावं, आणि नक्षत्रनाम परंपरेने असंच गुप्त ठेवलं जायचं. जे नाव झाकून ठेवायचं, ते आपण दाखल्यावर छापतो आणि वर त्याला परंपरा म्हणतो.

ज्योतिषातही दोन राशी सरळ वेगळ्या धरल्या आहेत. लग्न, मंगलकार्य, प्रवास आणि ग्रहांचं गोचर, म्हणजे त्यांचं चालू भ्रमण, पाहताना जन्मरास घ्यायची, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती. गाव, घर, नोकरी, व्यवहार यांसाठी नामरास, म्हणजे हाक मारायच्या नावावरून निघणारी रास. हाकेचं नाव राशीप्रमाणेच ठेवायचं असतं तर या नियमाची गरजच पडली नसती. नावाचं अक्षर जुळलं नाही म्हणून मुलाचं काही बिघडतं, ही भीती नव्या आईवडिलांना घालू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

उलट्या दिशेचा घोटाळाही तेवढाच सरसकट. नाव स ने सुरू होतं, म्हणून 'मी कुंभेची' असं समजून वर्षानुवर्षं भविष्य वाचणारी माणसं आहेत. नाव आवडीने ठेवलं असेल तर त्यावरून जन्मरास कळत नाही. पत्रिकेचे 36 गुणही चंद्राच्या नक्षत्रावरून मोजतात. जन्मवेळ ठाऊक नसेल तेव्हाच नावावरून काम भागवतात, ती सोय आहे. इंग्रजी तारखेवरून सांगतात ती सूर्यरास तिसरीच, तिचा इथे संबंध नाही. टोपणनावाचं तर बोलायलाच नको, चिंटू हा चिंटूच.

अक्षराच्या हट्टापायी आणखी एक नुकसान होतं. कठीण अक्षर आलं की इंटरनेटवरच्या यादीतून कुठल्याच शब्दकोशात नसलेलं नाव उचललं जातं, शेजारी 'सूर्याचा पहिला किरण' असा अर्थ चिकटवलेला असतो. अर्थ हवा असेल तर आधी कोश उघडा. नुसता नाद आवडला म्हणून ठेवत असाल तर तेही चालेल, मात्र खोटा अर्थ सांगत फिरू नका. अंकशास्त्राचा अंक जुळवायला इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा ए घुसवणंही मला अजिबात पटत नाही. ते मूल पुढे प्रत्येक अर्जात तो ए समजावत बसतं.

घाई करायचंही कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा अक्षर पत्रिकेत लिहून ठेवा, गुरुजींनी विचारलं की सांगा. दाखल्यावर आवडीचं नाव घाला. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. निवडलेलं नाव त्या तिन्हींसकट दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहा आणि मगच अर्जावर लिहा.