उन्हाचा घाव, उजेडाची दुरुस्ती

मृगाच्या पावसानंतर रत्नागिरी-राजापूरच्या कातळसड्यांवर उथळ डबकी साचतात आणि बेडूक त्यांत अंडी घालतात. उघडीप पडली की नितळ पाण्यातून अतिनील किरण थेट अंड्यांपर्यंत पोचतात. डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) मग एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल तिथे अडते. बेडकांकडे यावर फोटोलायेझ नावाचं एन्झाइम असतं. ते चिकटलेल्या जोडीवर बसतं, निळा किंवा त्याच्याजवळचा अतिनील प्रकाश शोषतं आणि एक इलेक्ट्रॉन देऊन जोडी सोडवतं. माणसाकडे किंवा गाईगुरांकडे ते नाही.

उजेडाचा हा गुण १९४९ साली अल्बर्ट केल्नर यांच्या हाती लागला तो वैतागातून. अतिनील मारा केलेले सूक्ष्मजीव कधी भरपूर जगत, कधी जवळजवळ सगळे मरत. संशय तापमानावर होता. खरा फरक पडत होता तो खिडकीतून येणाऱ्या उजेडाने.

तुर्कस्तानातल्या सावूर गावचे अझीझ सँकार आधी डॉक्टर होते. अमेरिकेत डॅलसला क्लॉड रूपर्ट यांच्याकडे पीएच.डी. करताना १९७६ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणूचं फोटोलायेझ जनुक वेगळं केलं. पेशीत या एन्झाइमचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात. जनुक हाती आल्याशिवाय अभ्यासापुरतं एन्झाइम मिळणं अवघडच होतं. एवढं करूनही त्यांना पुढचं संशोधनपद मिळालं नाही, म्हणून येल विद्यापीठात तंत्रज्ञाची नोकरी धरली. त्यांचं सर्वांत मोठं काम तिथलंच, असं माझं मत. १९८३ मध्ये त्यांनी दाखवलं की अंधारात चालणाऱ्या दुरुस्तीत तीन प्रथिनं मिळून बिघाडाच्या दोन्ही बाजूंना काप देतात आणि १२-१३ अक्षरांचा तुकडा काढतात. मोकळी जागा समोरच्या धाग्यावरून भरली जाते. माणसात हाच तुकडा सुमारे २७ ते २९ अक्षरांचा असतो. आपली सगळी भिस्त याच पद्धतीवर. ती जन्मतः बिघडली की झीरोडर्मा पिग्मेंटोझम हा आजार होतो आणि लहानपणीच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये सँकार यांच्यासोबत टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच होते.

उजेडातली दुरुस्ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेकरीच्या यीस्टवर सहज दिसते. माध्यमात १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन, २ टक्के ग्लुकोज, २ टक्के अगर. मारा न केलेल्या प्लेटवर साधारण २०० वसाहती येतील इतकं द्रावण पातळ करा. मारा करायच्या प्लेटवर त्याच्या शंभरपट पेशी पसरा. २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा आधी पंधरा मिनिटं तापू द्या, नाहीतर मारा कमीजास्त होतो. झाकण काढूनच १०, २०, ४०, ६० सेकंद धरा. प्लास्टिक हे किरण अडवतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. लगेच निम्म्या प्लेट काळ्या कागदात गुंडाळा, निम्म्या झाकण लावून तासभर उजेडात ठेवा. मग सगळ्या अंधारात, ३० अंशांवर, दोन दिवस. उजेडात ठेवलेल्या प्लेटवर वसाहती जास्त दिसायला हव्यात.

दोन्ही गटांत सारख्याच वसाहती आल्या तर बहुधा गुंडाळायला उशीर झालेला असतो. मारा केल्यापासून कागद लागेपर्यंत खोलीत फक्त पिवळा दिवा हवा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत झाकणाला पाणी सुटतं आणि वसाहती एकमेकींत पसरतात. म्हणून अगर ओतल्यावर प्लेट रात्रभर सुकू द्या आणि वाढवताना उलट्या ठेवा. बुरशीचाही त्रास याच दिवसांत जास्त, त्यामुळे हा प्रयोग जानेवारीत केलेला बरा. शेवटचा घोळ नव्या दिव्यांचा: यीस्टचं फोटोलायेझ ३८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं आणि पांढऱ्या एलईडीत तो भाग जवळपास नसतोच. जुनी ट्यूबलाइट वीस सेंटीमीटरवर धरा, किंवा बंद काचेच्या खिडकीआडचं सकाळचं कोवळं ऊन वापरा.