जनरेटरची लाइट कमी-जास्त होते? आधी मशीनचा आवाज ऐका

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पोर्टेबल जनरेटरमध्ये आम्ही सगळ्यात आधी गव्हर्नरचा (इंजिनाची रेस ठरवणाऱ्या भागाचा) स्क्रू पाहतो. बहुतेक वेळा त्यावर पक्कडीचे ओरखडे असतात. लाइट मंद वाटली म्हणून कोणीतरी रेस वाढवलेली असते. मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यावर आणखी एक चढतो, म्हणून हे पत्रक.

दोरी ओढून चालू होणारी आपली बहुतेक मशीनं दोन पोलची (चुंबकाच्या ध्रुवांची एक जोडी असलेली) असतात. मिनिटाला ३००० फेरे झाले की बरोबर ५० हर्ट्झ मिळतात. लोड नसताना फेरे थोडे जास्त, साधारण ३१०० ठेवलेले असतात, म्हणजे पूर्ण लोड पडल्यावर ते ३००० च्या आसपास येऊन टिकतात. फेरे ३६०० केले तर ६० हर्ट्झ होतात. मग पंखा जोरात फिरतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर तापतो आणि कनेक्टिंग रॉडवर नको तेवढा ताण येतो. व्होल्टेज कमी असेल तर रेस हा त्याचा इलाज नव्हे. (सुटकेससारखी दिसणारी इन्व्हर्टर मशीनं वेगळी. त्यांची रेस लोडप्रमाणे आपोआप बदलते, तो दोष नाही.)

दोष इंजिनात आहे की अल्टरनेटरमध्ये (वीज तयार करणाऱ्या भागात), हे घरीच ओळखता येतं. त्यासाठी जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब लावा. एलईडी दिवा इथे फसवतो. व्होल्टेज १८० वर आलं तरी बरेचसे एलईडी तसेच पेटलेले राहतात. बल्ब कमी-जास्त होतो तेव्हा इंजिनाचा आवाजही "घुंऽऽ-घूं" असा चढत-उतरत असेल, तर दोष इंजिनाकडे. आवाज एकसुरी आणि बल्ब मात्र मंद किंवा लुकलुकता असेल, तर वायरिंग किंवा अल्टरनेटर. हर्ट्झ दाखवणारा साधा डिजिटल मीटर असेल तर उत्तमच.

आवाज चढ-उतार करत असेल तर

मशीन गरम झाल्यावर चोक अर्धा ओढून पाहा. रेस लगेच स्थिर झाली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. बहुतेक वेळा जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) कचरा अडकलेला असतो, क्वचित कार्ब्युरेटरमागचं पॅकिंग फाटलेलं असतं. लोड नसताना हेलकावे आणि लोड टाकल्यावर शांत, हे लहान जेट तुंबल्याचं लक्षण. लोड टाकताच दम तुटत असेल तर मोठा जेट, एअर फिल्टर किंवा कॉम्प्रेशन बघावं लागतं. जेटमध्ये सुई घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी तो जेट कायमचा वाया जातो.

वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून मग गचके देत असेल, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं. मशीन बंद करा, थंड होऊ द्या, झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला की कारण सापडलं.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा शिळं पेट्रोल असतं. गणपतीत चालवलेलं मशीन थेट लग्नसराईत बाहेर निघतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या मशीनच्या रबरी नळ्या, पॅकिंग फुगवतं. म्हणून मशीन ठेवून देताना कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. रॉकेलवर चालणारं जुनं मशीन असेल तर बंद करण्याआधी काही मिनिटं पेट्रोलवर चालवा. नाहीतर पुढच्या वेळी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते.

आवाज स्थिर, पण लाइट अस्थिर

आधी मशीन बंद करून सॉकेट आणि पिन तपासा. काळपट डाग किंवा सैल स्क्रू दिसला तर तिथेच उत्तर असतं. पन्नास मीटर बारीक वायर टाकून टोकाला मिक्सर लावला तर व्होल्टेज पडणारच, त्यात मशीनचा दोष नाही. मोटर सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढते, हेही लक्षात घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण एक किलोवॅटच्या मशीनवर एक एचपीचा पंप उचलला जात नाही.

यापुढचं काम आमच्यावर सोडा. ब्रशवाल्या मशीनमध्ये कार्बन ब्रश झिजतात किंवा स्लिप रिंग काळी पडते. बिनब्रशच्या मशीनमध्ये कपॅसिटर कमजोर होतो. तो मशीन बंद असतानाही झटका देऊ शकतो, म्हणून कव्हर उघडू नका. व्होल्टेज २३० च्या बरंच वर जात असेल तर एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) गेल्याची शक्यता असते. मशीन लगेच बंद करा, नाहीतर आधी टीव्ही जाईल. फार दिवस पडून राहिलेलं मशीन कधी कधी दोन-चार व्होल्टच दाखवतं. त्याचं चुंबकत्व गेलेलं असतं. फिल्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या वेटोळ्याला) थोडा वेळ बॅटरी देऊन ते परत येतं, वाइंडिंग (तार नव्यानं गुंडाळणं) करावं लागत नाही. असं मशीन कोणी थेट वाइंडिंगला काढलं, तर दुसरीकडे दाखवा.

घरचा इन्व्हर्टर जनरेटरची लाइट घेत नसेल, तर त्याचा मागचा स्विच यूपीएसवरून नॉर्मलवर करून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

तपासताना मशीन उघड्यावर ठेवा. शटरच्या आत किंवा जिन्याखाली धुराचा विषारी वायू कळायच्या आत माणसाला बेशुद्ध करतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घराच्या सॉकेटमध्ये घालू नका, बाहेरची लाइन तोडून मगच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर लाइट उलटी बाहेरच्या तारांत जाते, खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुकानात आणताना टाकीतलं पेट्रोल काढून टाकू नका, आम्हाला तेच बघायचं असतं. कशावर लोड होता, किती वेळानं बिघडलं, हे सांगा. आणि मशीन गाडीत उभंच ठेवा. आडवं केलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये शिरतं, मग आधी ते साफ करण्यातच तासभर जातो.