सिस्टम रिस्टोअरला जुनं सगळं आठवतं कसं?

ग्राफिक्सचा नवीन ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकला, रिस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी ती काळीच. माझ्या लॅपटॉपचं हे झालं होतं, आणि तेव्हा सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत मागे नेणारी सोय, वापरल्यावर मशीन पुन्हा आदल्या दिवशीसारखं सुरू झालं. जीव भांड्यात पडला, पण मग डोक्यात आलं की विंडोजला कालचं सगळं आठवलं कसं? अख्ख्या सी ड्राइव्हची कॉपी तर कुठे करून ठेवलेली नव्हती, तेवढी जागाच नव्हती.

तर अशी पूर्ण कॉपी नसतेच. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे जिथे मागे जाता येतं तो टप्पा, बनतो तेव्हा डिस्कवर एक खूण केल्यासारखं होतं, की इथून पुढे काय बदलतंय त्यावर लक्ष ठेवायचं. हे काम शॅडो कॉपी नावाची सर्व्हिस करते. ती डिस्ककडे 16 किलोबाइटच्या छोट्या छोट्या तुकड्यांमध्ये बघते आणि एखाद्या तुकड्यावर नवीन काही लिहिलं जाणार असेल तर आधी जुना तुकडा उचलून बाजूला ठेवते, मगच नवीन लिहू देते, याला कॉपी ऑन राइट म्हणतात. समजा तुम्ही वहीत खोडायच्या आधी प्रत्येक जुनी ओळ एका वेगळ्या कागदावर उतरवून ठेवताय. शंभर पानांच्या वहीत पाच ओळी बदलल्या तर कागदावर पाचच ओळी असणार, आणि जुनी वही वाचायची झाली तर बदललेल्या ओळी कागदावरून वाचायच्या, बाकी सगळं वहीतूनच. मला हे फार सुंदर वाटतं, एवढ्याशा जागेत अख्खा जुना कॉम्प्युटर मावतो!

सिस्टम रिस्टोअरची सोय पहिल्यांदा 2000 साली विंडोज एमई (Windows Me) या आवृत्तीत आली. तेव्हा आणि त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ठरावीक प्रकारच्या फाइल्सवरच नजर असायची, तुकड्यांची पद्धत त्याच्या पुढच्या विंडोज व्हिस्टापासून.

रिस्टोअर केलं की सिस्टमच्या फाइल्स, ड्रायव्हर, प्रोग्रॅम आणि मुख्य म्हणजे रजिस्ट्री मागे जाते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचं कोठार, कुठला ड्रायव्हर कधी चालू करायचा हेसुद्धा तिथेच लिहिलेलं असतं, म्हणून तिथली एक नोंद चुकली तरी मशीन बूट व्हायचं, म्हणजे सुरू व्हायचं, थांबू शकतं. तुमचे फोटो, डॉक्युमेंट मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे चुकून डिलीट केलेला फोटो यातून परत येईल अशी आशा ठेवू नका. नंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात, कुठले जाणार ते रिस्टोअरच्या आधी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' दाबून बघता येतं, ते नक्की बघा.

आता खूप जण इथेच फसतात, ते रिस्टोअर पॉइंटलाच बॅकअप समजतात. अहो, तो कागद त्याच वहीत खोचलेला आहे! बाजूला काढलेले तुकडे त्याच ड्राइव्हवर सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, डिस्क गेली की तेही गेले. ठरवून दिलेली जागा भरली की सगळ्यात जुने पॉइंट आपोआप पुसले जातात, आणि बरेच रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारे व्हायरस) तर फाइल्स लॉक करतानाच या शॅडो कॉपी मुद्दाम उडवतात. म्हणून फाइल्सची वेगळी कॉपी बाहेरच्या डिस्कवर हवीच.

बऱ्याच विंडोज 10 आणि 11 मशीनवर सिस्टम रिस्टोअर बंदच असतं, आणि बंद असेल तर मागे जायला काहीच नसतं, म्हणून आजच बघून घ्या. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑफ दिसलं तर कॉन्फिगरमध्ये जाऊन ऑन करा. मशीन बूटच होत नसेल तर दोन-तीनदा फेल झाल्यावर रिकव्हरीची निळी स्क्रीन येते, तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सिस्टम रिस्टोअर मिळतं. लॅपटॉप चार्जरला लावूनच सुरू करा आणि मध्येच बंद करू नका, रजिस्ट्री अर्धवट लिहिली गेली तर कदाचित विंडोज सुरूच होणार नाही. आणि चालू विंडोजमधून रिस्टोअर केलं असेल तर तेही अनडू करता येतं, कारण मागे जायच्या आधी विंडोज स्वतःच एक पॉइंट बनवून ठेवतं.