ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर यांची जुळणी

घरी स्टिरिओ संगीत ऐकताना लहान स्पीकरची विजेची मागणी आणि ॲम्प्लिफायरची कुवत यांचा मेळ घालणे म्हणजे ही जुळणी. खरेदीला गेलेला माणूस आधी वॅट विचारतो. वास्तविक तो आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. पहिला मान स्पीकरच्या संवेदनशीलतेचा, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्याचा. लहान पेटीतून खर्ज काढायचा तर इथे पाणी सोडावे लागते. म्हणून बहुतेक बुकशेल्फ स्पीकर ८३ ते ८८ डेसिबलांत अडकतात.

आवाज ३ डेसिबलांनी वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलांसाठी दसपट. समजा, ८ ओहम (म्हणजे २.८३ व्होल्टला एक वॅट) व ८६ डेसिबलांची जोडी आहे आणि श्रोता अडीच मीटरवर बसला आहे. अंतरापायी ८ डेसिबल जातात, दुसऱ्या स्पीकरमुळे ३ परत येतात, भिंतीही थोडी भर घालतात. एकेका वॅटला साधारण ८३ उरतात. रोजचे ७०-७५ डेसिबलांचे ऐकणे वॅटच्या अंशात भागते. पण तबल्याची थाप क्षणभर ९५ वर गेली, की दर चॅनेलला १६ वॅट लागतात. तेवढे नसतील तर लहरींचे माथे कापले जातात. जोर लावलेला छोटा ॲम्प्लिफायर ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जाळतो तो असाच.

इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या ओहममधल्या विरोधाचा, छापील आकडा नाममात्र असतो. स्वरागणिक तो वरखाली होतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकानुसार ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली जाऊ नये, पण हे सगळेच पाळतात असे नाही. शिवाय ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्टवर दोन वॅट जातात. त्याची संवेदनशीलता कागदावर ३ डेसिबलांनी फुगलेली दिसते.

एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर या जुळणीचा नामांकित नमुना. बीबीसीने १९७० च्या दशकात तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवला. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ या कंपन्यांनी परवान्याने बनवला. संवेदनशीलता जेमतेम ८३ च्या आसपास, मूळ इम्पीडन्स १५ ओहम. ८ ओहमला ५० वॅट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर इथे सुमारे २७ वॅटच देतो. करंट मात्र कमी लागतो, आणि व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरच्या १६ ओहमच्या टॅपला, म्हणजे स्पीकर जोडायच्या टोकाला, तो चपखल बसतो. व्हॉल्व्हवाल्यांचा या छोट्या पेटीवर जीव आहे, त्याचे एक कारण हेच.